मूळ गाव आणि राहते गाव



अनोळखी माणसाशी बोलणे सुरू करताना आपल्याकडे दोन प्रश्न विचारण्याची रीत आहे. 'आपण राहता कुठे?' हा पहिला आणि 'आपले मूळ गाव कोणते?' हा दुसरा. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर किंवा हैदराबाद येथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी माणसाला या दोन प्रश्नांची दोन निराळी उत्तरे द्यावी लागतात. आम्हा बेळगावकडच्यांची गोष्ट त्याहूनही निराळी. आमचे मूळ गाव आणि राहते गाव पुष्कळदा एकच असते. पण १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि माणसे जागच्या जागी राहून त्यांचे राज्य मात्र बदलले. कधी माणूस सीमा ओलांडतो, तर कधी सीमाच माणसाला ओलांडून जाते.

मोठ्या माणसांना या प्रश्नांची सवय झालेली असते. तेरा ते सोळा वर्षांच्या मुलांना मात्र ते बोचतात. हे वयच असे असते की आपण चारचौघांसारखे असावे असेही वाटते आणि आपण कोणी वेगळे आहोत असेही वाटते. या वयाच्या मुलांना शिकविताना मला दोन प्रकारची मुले वारंवार भेटतात. एक मुलगा शाळेच्या फाटकाशी आई दिसली की तिच्याशी घरच्या भाषेत बोलायला लाजतो. दुसरा आपल्या भाषेचा अभिमान बाळगतो खरा, पण तो अभिमान शेजारच्या बाकावरील कानडी बोलणाऱ्या सोबत्याला 'बाहेरचा' म्हणण्यात खर्च करतो. वरवर पाहता ही दोन टोके दिसतात. वस्तुतः दोघांचे अज्ञान एकच आहे. संस्कृती म्हणजे कुलूप लावून ठेवलेली पेटी, अशी दोघांचीही समजूत असते. एकाला ती पेटी हलक्या मोलाची वाटते, आणि दुसऱ्याला ती कोणी उघडील अशी भीती वाटते. तेव्हा स्थलांतर, आपली ओळख आणि संस्कृतींची देवघेव हा विषय या वयात मुलांना कसा शिकवावा, यासंबंधी आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

या विषयाचा आरंभ इतिहासाच्या पुस्तकातून करू नये, असे माझे मत आहे. पहिल्या तासाला मी फळ्यावर एकच प्रश्न लिहिते: 'तुमच्या घरात बाहेरगावाहून आलेले कोण आहे?' प्रारंभी बहुतेक हात खाली असतात. कोणी माडीवरच्या भाडेकरूचे नाव सांगतो, कोणी कामाला येणाऱ्या बाईंचे. मग मागून एखादी मुलगी हळूच म्हणते, 'आई.' आणि वर्ग क्षणभर गप्प होतो. २०११ सालच्या जनगणनेत आपल्या देशात जन्माचे किंवा पूर्वीच्या वास्तव्याचे ठिकाण सोडून अन्यत्र राहणाऱ्यांची संख्या ४५ कोटींहून अधिक आढळली, आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा लग्न होऊन सासरी गेलेल्या स्त्रियांचा होता. स्थलांतरित म्हणजे रेल्वे फलाटावर वळकटी घेऊन बसलेला कोणी परका, ही मुलांच्या मनातील प्रतिमा येथे पहिल्यांदा हलते. तो परका रोज सकाळी आपला डबा भरून देत असतो, हे त्यांना उमगते.

यानंतर मुलांनी घरी जाऊन आईला चार प्रश्न विचारावयाचे असतात. येताना तू काय सोडलेस? येताना काय आणलेस? इथे आल्यावर काय उचललेस? आणि या जाण्यायेण्याविषयी तुला कोणी विचारले होते का? मुले आणतात ती उत्तरे ऐकण्यासारखी असतात. एकीच्या आईने आमटीची माहेरची फोडणी सोडली, पण अंगाई सोडली नाही. एकाच्या आईने सासरी येऊन कानडी उचलली आणि आता ती भाजीवाल्याशी घासाघीस करते ती कानडीतच. चौथ्या प्रश्नाशी काही घरांत आई नुसती हसते, असेही मुले सांगतात. ते हसणे फार बोलके असते. सोडले काय, आणले काय, उचलले काय आणि विचारले कोणी, हे चार प्रश्न हाती आले की जगातील कोणत्याही स्थलांतराचा अभ्यास करण्याची किल्ली मुलांना सापडली असे समजावे. पुढचा सारा अभ्यास म्हणजे याच चार प्रश्नांची उजळणी होय.

उदाहरणासाठी तंजावर घ्या. १६७६ च्या सुमारास शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे तेथे गादीवर बसले आणि १८५५ पर्यंत भोसल्यांचे घराणे तेथे टिकले. हे स्थलांतर तलवारीच्या बळावर झालेले. परंतु राज्य मिळविल्यानंतर या मंडळींनी त्या भूमीपासून पुष्कळ काही उचलले. त्यांच्या दरबारात तमिळ, तेलुगू, संस्कृत आणि मराठी या चारही भाषांतील विद्वानांना आश्रय होता. दुसऱ्या सरफोजी राजांनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढविले. बृहदीश्वराच्या विशाल मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरला गेला; चोळ राजांनी बांधलेल्या देवळावरील तो मराठी लेख आजही पाहता येतो. मराठी कीर्तनाचा प्रभाव तिकडील हरिकथेवर पडला आणि साकी, दिंडी यांसारखे आपले छंद तमिळ श्रोत्यांच्या कानी रुळले. आज तेथे मराठी घराण्यांची जी बोली ऐकू येते तिच्यात तमिळचा रंग उतरलेला आहे. मुलांना मी विचारते, 'ही भाषा बिघडली म्हणावी की वाढली म्हणावी?' या प्रश्नावर वर्गात वाद होऊ द्यावा. शिक्षकाने निवाडा देण्याची घाई करू नये.

राजाचे स्थलांतर झाले. आता पोटासाठी केलेले पाहू. गोव्यातून नोकरीच्या शोधात माणसे मुंबईस जात. कोणी बोटीवर खलाशी, कोणी स्वयंपाकी, कोणी वाजंत्री. त्यांच्यासाठी गावागावाच्या नावाने मुंबईत 'कूड' स्थापन झाल्या. कूड म्हणजे गावच्या माणसांची सामाईक खोली. बोट मिळेपर्यंत तेथे आपली ट्रंक ठेवावी, पथारी पसरावी आणि सायंकाळी सर्वांबरोबर प्रार्थनेला बसावे. घर नसलेल्यांचे ते घर होते. आणि याच मुंबईत १७ एप्रिल १८९२ रोजी लुकाझिन्हो रिबेरो यांनी पहिले कोंकणी तियात्र रंगभूमीवर आणले. इटालियन संगीतनाटक पाहून त्यांना ते सुचले होते. आज जे तियात्र गोव्याचे म्हणून ओळखले जाते त्याचा जन्म गोव्याबाहेर, परक्या शहरात, परक्या नाटकाच्या दर्शनाने झाला. घर सोडल्याने संस्कृती हरवतेच असे नाही. काही वेळा घराची ओढच तिला नवे रूप देते, हे मुलांनी येथे टिपून घ्यावे.

माझ्या मते या विषयाचा सर्वांत सुंदर धडा म्हणजे कुमार गंधर्वांचे चरित्र. बेळगावजवळील सुळेभावी येथे ८ एप्रिल १९२४ रोजी एका कानडी घरात शिवपुत्र कोमकाळीमठ यांचा जन्म झाला. लहान वयातच ते मुंबईस प्रा. बी. आर. देवधर यांच्याकडे शिकण्यास गेले. पुढे क्षयाने गाठले आणि कोरड्या हवेसाठी १९४८ मध्ये ते माळव्यात देवास येथे येऊन राहिले. काही वर्षे गाणे बंदच होते. अंथरुणावर पडल्यापडल्या त्यांच्या कानी येत राहिली ती माळव्यातील बायाबापड्यांची लोकगीते. बरे होऊन ते पुन्हा गाऊ लागले तेव्हा त्या लोकगीतांचे स्वर त्यांच्या रागदारीत उतरले होते. त्यांनी कबीर गाइले, तुकाराम गाइले, माळव्याची गाणीही गाइली. हा गायक कानडी की मराठी की माळवी, असा प्रश्न मुलांना घालून पाहावा. मुले थोडा वेळ गोंधळतात आणि मग एखादा म्हणतो, 'बाई, ते तिघांचेही आहेत.' याच जातीची आणखी उदाहरणे देता येतात. धारवाडचे द. रा. बेंद्रे यांची घरची भाषा मराठी, परंतु ते कन्नडचे श्रेष्ठ कवी झाले आणि १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना लाभला. मध्य भारतातील मुक्तिबोधांच्या एकाच मराठी घरात गजानन माधव हिंदीतले मोठे कवी झाले आणि त्यांचे बंधू शरच्चंद्र मराठीतले. दोन भाषांत वाढणारे मूल दोन्हींकडे अर्धवट राहते, अशी धास्ती घेणाऱ्या पालकांनी ही नावे ध्यानात ठेवावीत.

येथवर ऐकून संस्कृतींची भेट म्हणजे केवळ गोडीगुलाबीची गोष्ट, असे कोणास वाटेल. मुलांना असे एकांगी चित्र देणे हा त्यांच्यावर अन्याय होईल. म्हणून चौथा प्रश्न, 'कोणी विचारले होते का?', हा गोव्याच्या इतिहासाला लावून पाहिला पाहिजे. मी स्वतः ख्रिस्ती आहे, आणि म्हणूनच हा पाठ टाळण्याचा मला अधिकार नाही असे मी मानते. सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेखाली देवळे पाडली गेली. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन म्हणजे धर्मन्यायालय सुरू झाले, ते १८१२ मध्ये कायमचे उठले. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली. पोर्तुगीज हद्दीबाहेरच्या मुलखात देवांसह माणसांनी आसरा शोधला. पुढच्या काळात ख्रिस्ती कुटुंबेही गोवा सोडून मंगळूरकडे गेली. १६८४ मध्ये तर तेथील लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावे, असे फर्मान निघाले. हे सर्व मुलांना नीट, तारखांसह सांगावे.

आणि त्याच गोव्यातील दुसरी गोष्टही सांगावी. १५७९ मध्ये फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट गोव्यात आला. त्याने येथील भाषा शिकून घेतल्या, मराठी संतांच्या ओवीचा अभ्यास केला आणि त्याच ओवीत सुमारे अकरा हजार ओव्यांचे क्रिस्तपुराण रचले. ते १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. ज्या राजवटीने पुढे भाषेवर बंदी घातली, तिच्याच छायेत एक परदेशी माणूस त्या मातीतील भाषांवर प्रेम करीत होता. या दोन गोष्टींपैकी एकच सांगितली तर मुले एकतर द्वेष शिकतील किंवा खोटा अभिमान. दोन्ही सांगितल्या तर ती विचार शिकतील. वर्गात हा पाठ चालू असताना एखाद्या ख्रिस्ती मुलाकडे सगळ्यांच्या नजरा वळल्या, तर शिक्षकाने तेथेच थांबून स्पष्ट सांगावे की चारशे वर्षांपूर्वीच्या राज्यकर्त्यांचा जाब आजच्या मुलाला कोणी विचारू नये. हा नियम सर्वच धर्मांच्या आणि भाषांच्या मुलांना लागू आहे.

आता मुलांच्या मनातील एका खऱ्या शंकेकडे वळू. 'सगळेच जर इकडूनतिकडून आलेले, तर आमचे असे काय उरले?' असे ती विचारतात, आणि त्यांचे विचारणे रास्त आहे. याचे उत्तर मी एका वाक्याने देते. फळ्यावर लिहावे: 'अण्णांचा पगार झाला, त्यांनी बाजारातून तूप आणि पाव आणला.' आता एकेक शब्द पुसत जावे. 'अण्णा' आणि 'तूप' हे शब्द कानडीच्या अंगणातून आले असे अभ्यासक मानतात. 'पगार' आणि 'पाव' पोर्तुगिजांबरोबर आले. 'बाजार' फारसीतून आला. बहुतेक सारी नामे पुसली गेली. मागे उरले काय? 'चा', 'ऊन', 'नी', 'झाला', 'आणला', 'आणि'. हे प्रत्यय आणि ही क्रियापदे कोणाकडून उसनी घेतलेली नाहीत. आलेल्या प्रत्येक शब्दाला त्यांनीच आपल्या घरची रीत शिकविली. स्वयंपाकघरातही हेच दिसेल. बटाटा आणि मिरची अमेरिका खंडातून पोर्तुगिजांच्या जहाजांनी आपल्याकडे आणली, हिंग अफगाणिस्तानाकडून येतो. पण बटाटेवडा मात्र अमेरिकेचाही नव्हे आणि अफगाणिस्तानाचाही नव्हे, तो आपला. माणसाची ओळख त्याच्या सामानात नसते, ते सामान मांडण्याच्या त्याच्या पद्धतीत असते. ही पद्धत ज्याला अवगत आहे त्याला नव्या शब्दाची किंवा नव्या शेजाऱ्याची भीती वाटण्याचे कारण नाही. मात्र पद्धत टिकावी यासाठी भाषा रोज वापरली पाहिजे, वाचली पाहिजे, तिच्यात पत्र लिहिता आले पाहिजे. घरात मराठी बोलायची लाज बाळगून बाहेर तिच्या नावाने घोषणा देण्यात काय हशील?

श्रोतेहो, या सर्व शिक्षणाची खरी परीक्षा प्रश्नपत्रिकेत होत नाही. ती दिवाळीच्या सुमारास, उसाच्या हंगामात होते. बीडकडून आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोडणी कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात उतरतात. मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली असते. नवराबायको मिळून 'एक कोयता' अशी त्यांची गणती होते. पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या कोपीत बिऱ्हाड मांडायचे, पहाटे फडावर जायचे, मोळ्या बांधायच्या आणि हंगाम संपला की परत गावी. त्यांच्याबरोबर आलेली मुले आपल्या मुलांच्याच वयाची असतात. त्यांचे नाव गावच्या शाळेत असते आणि ती स्वतः फडावर. थोरली मुलगी धाकट्याला सांभाळते आणि तिचे शिकणे तेथेच अडते. तंजावरचे भोसले आणि कुमार गंधर्व यांची माहिती घडाघडा सांगणारा माझा विद्यार्थी या मुलीकडे 'कारखान्यावरची' म्हणून पाहत असेल, तर मी त्याला काहीच शिकविले नाही असे होईल. ती मराठीच बोलते, तरी तिलाही 'बाहेरची' हा शब्द चुकत नाही. म्हणजे भांडण भाषेचे नसते, परिस्थितीचे असते, हेही मुलांनी ओळखले पाहिजे. आपल्या गावाच्या शिवारात अशी मुले असतील तर हंगामापुरते त्यांना वर्गात बसू द्यावे, यासाठी शाळांनी आपण होऊन पुढे यावे आणि पालकांनी कुरकुर करू नये.

शेवटी शिक्षकबंधुभगिनींना आणि पालकांना चार व्यावहारिक सूचना. पहिली अशी की, कोणत्याही मुलाला 'तुमच्यात काय करतात ते सांग' म्हणून उभे करू नये. ते मूल आपल्या साऱ्या जमातीचा वकील नव्हे. त्याला आपल्या घरापुरते बोलू द्यावे, तेही त्याची इच्छा असल्यास. दुसरी सूचना: काही घरांत स्थलांतर ही दुःखाची गोष्ट असते. फाळणीच्या वेळी आलेली, धरणाखाली गाव गेलेली, दंगलीत घर सोडलेली कुटुंबे आपल्यात आहेत. तेथे मुलाने प्रश्न विचारावा, परंतु उत्तरासाठी हट्ट धरू नये. तिसरी अशी की, निरनिराळे पोशाख घालून आणि पदार्थ मांडून एक दिवस साजरा केला की विषय संपला, असे मानू नये. पदार्थ चाखणे सोपे आहे. शेजाऱ्याची भाषा दहा वाक्यांपुरती तरी शिकणे कठीण आहे, आणि तेच अधिक उपयोगाचे आहे. चौथी सूचना खास पालकांसाठी. मुलांच्या हातातील भ्रमणध्वनीवर इतिहासाचे अर्धे तुकडे रोज येऊन पडतात. ते हिसकावून घेण्यापेक्षा मुलाला एवढेच विचारावे की, या गोष्टीत दुसऱ्या बाजूचा माणूस कोण होता आणि त्याचे म्हणणे काय होते?

आमच्या सीमाभागाचा वाद सर्वोच्च न्यायालयापुढे आहे. त्याचा निवाडा तेथे व्हायचा तेव्हा होईल. पण एका बाकावर बसलेल्या दोन मुलांनी एकमेकांशी कसे वागावे, याचा निवाडा रोज सकाळी आपल्या वर्गांत आणि आपल्या ओट्यांवर होत असतो, आणि तेथे न्यायाधीश आपणच असतो. आज रात्री जेवणाच्या वेळी मुलांना घेऊन बसा आणि घरातील सर्वांत वडील माणसाला पहिला प्रश्न विचारा: येताना काय सोडले? मुलांना ते उत्तर मध्येच न थांबविता ऐकू द्या.